खुले आहे, पण सापडते का?

ग्रंथपाल म्हटले की कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी व्यक्ती आमच्या डोळ्यांपुढे येते. आता ती कपाटेच उघडी होऊ लागली आहेत. संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ही भूमिका 2002 मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मांडली. आपल्याकडे 2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगे’त येऊ लागले. मग किल्ल्या सांभाळणाऱ्याचे काम संपले काय?

आम्हांस तसे वाटत नाही. मोखाडा तालुक्यातील पोशेरा या गावाचेच उदाहरण घेऊ. समजा, तेथील वारली लग्नांत धवलेरी जी गाणी म्हणते, त्यांवर कोणी प्रबंध लिहिला आणि तो खुला झाला. त्या धवलेरीची नात जव्हारच्या महाविद्यालयात शिकते. ती संगणकावर ‘पोशेरा’ असा शब्द टाकते. तिला काहीच मिळत नाही. कारण प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला आहे. डोळ्यांना देवनागरी दिसते, यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे. ‘पालघर’ शोधावे, तर पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. प्रबंध त्याआधीचा असल्याने त्यात जिल्हा ‘ठाणे’ आहे. आपल्या गावावर कोणी काही लिहिलेच नाही, असे समजून ती मुलगी उठून जाते.

येथे ग्रंथपाल हवा. जुन्या तालिकेत ‘पाहा’ अशी एक नोंद असे. एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे ती वाचकाला नेई. गावाचे नाव युनिकोडमध्ये लिहिणे, ठाण्याला पालघरशी जोडणे, विषय मराठीत देणे, हे त्याच ‘पाहा’चे आजचे रूप होय. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1950 या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांनीही पुस्तके लिहिली नव्हती; ती सापडतील एवढे केले होते. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथनांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांत घातले.

आणखी एक प्रश्न उरतो. प्रबंधाच्या नोंदीत संशोधकाचे नाव असते, मार्गदर्शकाचे असते. जिने गाणी सांगितली तिचे, तिच्या संमतीने का होईना, कोठे असते? हा रकाना ग्रंथपालच उघडू शकेल. नातीला आजीचे नाव सापडेल, तेव्हाच तो प्रबंध आम्ही खुला म्हणू.