बारा सभासदांची शाखा

आय-ट्रिपल-ई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेची विद्यार्थी शाखा कॉलेजात काढायची तर किमान १२ विद्यार्थी सभासद, स्वतः सभासद असलेला एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि कॉलेजची संमती लागते. विद्युत अभियंत्यांचे १८८४ चे आणि रेडिओ अभियंत्यांचे १९१२ चे अशी दोन अमेरिकी मंडळे १९६३ मध्ये एक झाली, ती ही संस्था. तिच्या जगभरच्या विभागांपैकी भारत दहाव्यात मोडतो. त्याखाली स्थानिक सेक्शन असतात. महाराष्ट्रात ती मुंबई व पुण्याला आहेत.

प्रस्तुत लेखक सेकंड इयरला असताना अशा अर्जाच्या खटपटीत होता. नावे मिळायला वेळ लागला नाही. कॅन्टीनमध्ये एका दुपारी सतरा जणांनी दिली. गाडे अडले ते वर्गणीपाशी. ती डॉलरमध्ये, कार्डाने भरायची होती आणि परदेशी व्यवहार चालणारे कार्ड एकाच मुलाच्या वडिलांकडे निघाले. बाकीच्यांनी त्याच्याकडे रोख पैसे जमा केले. चौथी वर्गणी गेली आणि एकापाठोपाठचे हे व्यवहार पाहून बँकेने कार्डच बंद केले. वडिलांनी बँकेत खेपा घालून ते सुरू करून आणले, तेव्हा उरलेल्या आठ वर्गण्या गेल्या. पाच जण तोवर गळाले होते.

बारा भरले, तरी यादीत नऊच दिसत होते. तिघांनी नोंदणीत कॉलेजचे नाव बोलण्यातले, आखूड लिहिले होते. कागदोपत्री ते दुसऱ्याच कॉलेजचे ठरले. प्राचार्यांचे पत्र मात्र जावक क्रमांकासह दोन दिवसांत हाती पडले. मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांना गाठायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यांची सही वजनदार खरी, पण पाच वाजल्यानंतर लॅब उघडी ठेवायला थांबतो तो नवा लेक्चररच. इथेही अशाच एका सरांनी पदरचे पैसे भरून सभासदत्व घेतले.

शाखेची खरी परीक्षा मंजुरीनंतर असते. संस्थेचे सभासद-वर्ष ३१ डिसेंबरला संपते आणि कॉलेजचे जुलैच्या सुमारास सुरू होते. जुलैत अर्ध्या वर्षाची वर्गणी भरलेल्यांचे सभासदत्व ऐन सेमिस्टर परीक्षेच्या दिवसांत संपते. या बारांपैकी सात जण फायनल इयरचे, बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून आलेले. जानेवारीत त्यांतल्या एकानेही नूतनीकरण केले नाही. उरले पाच.

पोस्टर, उद्घाटन, पाहुण्यांचे भाषण यांवर खर्चायला पैसे नव्हते, हे एका परीने बरेच झाले. फर्स्ट इयरच्या मुलांसाठी शनिवारी सोल्डरिंगचे वर्ग सुरू झाले: सहा सोल्डरिंग गन, फ्लक्सची एकच डबी, आणि बिघडलेल्या रेडिओतून काढलेले सुटे भाग. तिसऱ्या शनिवारी बसायला स्टुले पुरेनात. फेब्रुवारीअखेर त्यांतल्या नऊ जणांनी वर्गणी भरली. या वेळी दोन कार्डांवरून, आणि कॉलेजचे पूर्ण नाव फळ्यावर लिहून ठेवून.