पुसण्याआधीचा हिशेब

काच पुसून घेणारा माणूस फोनवर पहिलं विचारतो ते हेच: "दादा, फुटाला काय घेता?" रंगारी, फरशीवाला, पीओपीवाला सगळेच फुटावर बोलतात, त्यामुळे त्याच्या विचारण्यात वावगं काही नाही. पण आमच्या धंद्यात काचेवर हात फिरवायला वेळ थोडा लागतो, काचेपर्यंत पोहोचायलाच दिवस जातो. आणि ते पोहोचणं फुटात मोजता येत नाही.

आम्ही कोरेगाव भीमाचे. एका अंगाला सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपन्या; दुसऱ्या अंगाला लोणीकंद, वाघोली आणि खराडीचे टॉवर. कामाला तोटा नाही, पण सगळं काम एकट्या नगर रोडवर. वाघोलीत सकाळी गाडी अडकली तरी सोबतच्या पोराची हजेरी सुरू झालेली असते, कारण रोज द्यायचा तो दिवसाचा, पुसलेल्या काचांचा नव्हे. कंपनीत काम असलं की गेटपास, सेफ्टीची शिकवणी, उंचीवरच्या कामाचं परमिट, दोन हुकांचा बेल्ट तपासून घेणं. हे उरकेपर्यंत दहा वाजून जातात आणि फडकं अजून कोरडंच असतं. १ जानेवारीला शेजारच्या पेरणे गावातल्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, नगर रोडची वाहतूक वळवतात. तो दिवस आम्ही कामात धरतच नाही.

म्हणून भाव मी काचेवरून काढत नाही, घरखर्चावरून काढतो. समजा किराणा, फी, हप्ते धरून महिन्याला ३० हजार हातात उरायला हवेत. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. आता वर्षात कामाचे दिवस किती? पावसाळ्यात बाहेरची काच जवळजवळ बंद, कारण ओल्या दोरीवर माणूस चढवायचा नसतो. त्यात गावची जत्रा, लग्नसराई, आजारपण, आठवड्याची सुट्टी. २२० दिवस भरले तरी पुष्कळ. सोबतच्या पोराला ७०० रुपये रोज धरला तर १ लाख ५४ हजार. पेट्रोल, केमिकल, रबर, शिडी, विमा, गाडीची दुरुस्ती यांचे ८६ हजार धरू. बेरीज ६ लाख. भागिले २२०, म्हणजे दिवसाला साधारण २,७२७ रुपये. आणि काचेवर प्रत्यक्ष हात चालतो पाचच तास, म्हणजे तासाला ५४५.

हा आकडा हाती आला की फुटाचा भाव आपोआप निघतो, आणि दर ठिकाणी वेगळा निघतो. हायवेवरच्या शोरूमची जमिनीलगतची काच दोघांनी तासाला ३०० फूट झाली, तर फुटाला दोन रुपयांच्या आत काम बसतं. फ्लॅटमध्ये ग्रिल, मच्छरजाळी, स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये बसलेली माती आणि कबुतरांची कृपा! तिथे तासाला १०० फूट झालं तरी नशीब, म्हणजे साडेपाच रुपये. माणसं तीच, रबर तेच. एकाच बाल्कनीच्या काचेसाठी वाघोलीला बोलावणाऱ्याला मी फुटाचा भाव सांगतच नाही, किमान बिल सांगतो. त्याला ते महाग वाटतं, पण आमचा अर्धा दिवस त्याच्याच कामात गेलेला असतो.

खरी कसोटी पांढऱ्या डागांची. वाघोलीच्या बाजूला दगडखाणी आणि खडीक्रशर, त्यांची धूळ काचेवर बसते. त्यावर टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी उडालं आणि तिथेच वाळलं, की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर धरतो. तो साबणाने निघत नाही. ॲसिडने झटपट निघतो, पण चुकीचं ॲसिड काच खातं, कोटिंगही उतरवतं. हायड्रोफ्लोरिकसारखं तर माणसाच्या हाडापर्यंत जातं. मी ते कामावर येऊ देत नाही. डागांचा भाव पुसण्याच्या भावात मिसळायचा नाही, वेगळा लिहायचा. आधी एक काच करून दाखवायची, मग आकडा बोलायचा. टफन्ड काचेवर ब्लेड फिरवायचं तर ओरखड्याची जोखीम कोणाची, हे कोटेशनवरच लिहून सही घ्यायची. आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा, नाहीतर आपणच नवे डाग देऊन येतो.

हत्यारात कंजुषी करण्यात अर्थ नाही. एत्तोरे स्टेकोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या कामगाराने १९३६ मध्ये ओकलंडला हलका पितळी वायपर काढला, एकच रबराची पात असलेला. आजही साऱ्या जगाची काच त्याच घडणीच्या वायपरने पुसली जाते. त्यातली रबराची पट्टी ही आमच्या खर्चातली सगळ्यात किरकोळ बाब, तरी तीच वाचवणारे लोक आहेत. कडा बोथट झाली की रेघ उठते, रेघ उठली की काच दुसऱ्यांदा पुसावी लागते, आणि दुसऱ्यांदा पुसण्याचे पैसे कोणी देत नाही.

दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांना एकाच पंधरवड्यात काच चकचकीत हवी असते. वर्षाचं काम देणाऱ्यांचे दिवस मी आधी राखून ठेवतो, त्यांचा भाव वाढवत नाही. वर्षातून एकदाच आठवण काढणाऱ्याला मात्र जास्त सांगतो. काही जणांना हे पटत नाही. पण वैशाखात शोरूमचं काम कोण देतं, ते मला ठाऊक आहे.

कागदाचं थोडक्यात. सेवेच्या धंद्यात उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही; पुढे गेलात की १८ टक्के. कंपनीला तो टॅक्स परत वळता करता येतो, सोसायटीला तो अंगावर बसतो. म्हणून कोणासाठी काम वाढवायचं, हे आधीच ठरवावं. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान धंदेवाल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तरीही महिन्याच्या उद्दिष्टात मी आलेले पैसे मोजतो, पाठवलेली बिलं नाही.

आणि तुम्ही काम देणारे असाल तर एक विनंती. फुटांचं माप पाठवाच, पण सोबत तीन गोष्टी कळवा: पाण्याचा नळ कितव्या मजल्यावर आहे, काच आतून उघडते का, आणि शिडी घेऊन आलेली गाडी कुठे लावायची. तेवढं कळलं की भाव कमीच येईल.