रायगडचा किनारा आणि चार चाकांची तयारी

पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर पुतण्याने नव्या 'थार'ची किल्ली देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि सायंकाळी एक यादी माझ्या हाती दिली. मोठे टायर, पुढचा लोखंडी गार्ड, छतावरील दिव्यांची माळ, ओढण्याची विंच. बेरीज लाखाच्या वर. "काका, मार्गशीर्षात अलिबागहून श्रीवर्धनपर्यंत जाऊ. वाटेतल्या कातळावर गाडी आहे तशी चालणार नाही."

मी यादी परत केली. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाईच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. शिवाय २०२० साली आलेल्या या थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. आपल्या वाटांना तेवढे पुरते. पुरत नाही ते चालवणाऱ्याचे ज्ञान, आणि हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याजवळच्या एका पुळणीवर मी आमची जुनी गाडी उतरवली होती. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे हे ठाऊक असूनही उतरवली. मागच्या आसनावर आई होती. त्या दिवशी चतुर्थी. वेळ दुपारी पाऊण वाजल्याची. ओली वाळू फरशीसारखी टणक वाटली. गाडी थांबवली आणि चाके रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो, चाके स्वतःचाच खड्डा खणत गेली. लाटेचा फेस पहिल्यांदा चाकाला टेकला तेव्हा आईला उचलून बाहेर काढले. एका कोळी बांधवाने ट्रॅक्टर आणून गाडी ओढली आणि पैसे घेतले नाहीत. एवढेच विचारले, "शेट, आज तिथी कुठली ते बघितलं नव्हतं काय?"

आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशी पाळतात. तिथी विचारावी लागत नाही. पण तिचा समुद्राशी संबंध आम्ही कधी लावला नव्हता. कोकणातला जुना हिशोब पाऊणकीचा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पाऊणकी पाठ असलेल्या व्यापाऱ्याला हे कोळ्याकडून शिकावे लागले!

म्हणून नव्या यादीत पहिली नोंद पंचांगाची झाली. दुसरी, टायरमधील हवा मोजण्याचे मापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप. दगडाळ वाटेवर नेहमीच्या हवेच्या सुमारे दोन तृतीयांश हवा ठेवली की टायर पसरून दगडाला धरतो आणि धक्काही कमी बसतो. डांबरावर येताच ती पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो. मग ताणली जाणारी नायलॉनची दोरी, दोन शॅकल, फावडे. गाडीसोबत आलेला ओढण्याचा हूक हत्यारांच्या पिशवीतच पडून असतो. तो एकदा घरी बसवून पाहावा. जड सामान छतावर नको, खाली आसनांमागे.

गिअरविषयी पुतण्याला दोन गोष्टी सांगितल्या. कोरड्या डांबरावर 'फोर-हाय' लावायचे नाही. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते; एकत्र जोडलेल्या यंत्रणेवर त्याचा ताण येतो. आणि जांभ्याच्या उतारावर 'फोर-लो', पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. गाडीला इंजिनच रोखून धरते. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधून काढण्यापेक्षा त्यावर चाक चढवावे, म्हणजे गाडीचे पोट वाचते. एकाने उतरून पुढे चालावे. वाट पायी पाहिल्याशिवाय चाक टाकू नये.

पाण्याबाबत मी हट्टाने नकार दिला. ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, पण खाडीचे खारे पाणी सांध्यासांध्यांत शिरून लोखंड खाते. शिवाय दिवेआगर, हरिहरेश्वरच्या पुळणींत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे दीड-दोन फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात. वरून काहीच दिसत नाही. तिथे चाक नेण्याचा विचारसुद्धा आपल्या घरात नको.

मार्गशीर्षात निघालो. आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडी दिघीला उतरवली आणि पुढे चढावर कच्ची वाट धरली. तांबडा जांभा, मध्ये पावसाने खोदलेली चर, कडेला करवंदाच्या जाळ्या. पुतण्या चाकाशी, मी पुढे हातवारे करीत. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. एकदा मागचे चाक हवेत उचलले गेले, तेव्हा त्याने ब्रेक दाबून माझ्याकडे पाहिले, मी दगड लावला आणि गाडी उतरली.

दिवस मावळायच्या आत जेवण व्हावे म्हणून श्रीवर्धनला वेळेत पोचलो. त्याने आधी गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुतले, मग हात. दिवे मात्र त्याला अजूनही हवे आहेत.