खाणार कोण?

एप्रिल निम्मा होत आला की मावशीचा फोन येतो. "ऊन चांगलं पडलंय. चटणीला येतोस न्हवं?" कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसूण तिखट. पुण्याला येऊन मला वीस वर्षं झाली, पण ना तो फोन चुकला, ना माझी एसटी.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात पोत्यांची तोंडं उघडीच असतात. आत पाऊल टाकलं की खकाणा नाकात शिरतो आणि माझ्या शिंका सुरू होतात. मावशीला शिंक येत नाही. पोत्याच्या तोंडाशी रचलेल्या देखण्या मिरच्यांकडे ती बघतही नाही. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढते. पांढरे डाग पडलेली मिरची बाद. देठ निघालेली असली की कपाळाला आठी. मग एक मिरची कानाशी नेऊन हलवायची. बी खुळखुळली तर ती वाळलेली. दोन बोटांत मोडून बघायची. नुसतीच वाकली तर आत ओल आहे, पावसाळ्यात बरणीला बुरशी ठरलेली. मग वास घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या टोकाला नखाएवढा तुकडा लावायचा.

"ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी भांडायला," हे तिचं गणित. सुरकुतलेली ब्याडगी डब्याला लालभडक रंग देते, पण तिखटात मवाळ. लांबट संकेश्वरीमुळे रश्शाला अंग येतं. लवंगी दिसायला एवढीशी, पण घरातल्या धाकट्या जावेसारखी, सगळ्यांना पुरून उरणारी.

दुकानदार दरवर्षी विचारतो, "मावशी, तिखट किती पाहिजे?" ती त्याला उत्तर देत नाही, बोटं मोजत बसते. काकांना पित्त. सुनेचे दिवस भरत आलेले. नातू आत्ताशी वाटीतला रस्सा प्यायला शिकलाय. आणि मी, पुण्याचा. "खाणार कोण ते आधी, मिरची मागनं," असं म्हणून ती लवंगीची अर्धी ओंजळ परत पोत्यात टाकते.

मला हा हिशेब भित्रा वाटायचा. मी मिसळीवर दोनदा कट मागून घेणारा माणूस. घाम पुसत, नाक ओढत खाणं ही माझी मर्दुमकी होती, आणि ती बघायला समोर कुणीतरी असलं की आणखी चेव यायचा.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसातला गुवाहाटीचा सहकारी सुट्टीवरून परतताना माझ्यासाठी सहा सुक्या भूत जोलोकिया घेऊन आला. तिकडची ही मिरची 2007 साली जगातली सर्वांत तिखट म्हणून गिनीज बुकात गेली होती. तिखटपणा मोजायची स्कोव्हिल ही पट्टी 1912 सालची. विल्बर स्कोव्हिल मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत थांबायचा नाही. आपल्या घरातल्या बहुतेक मिरच्या या पट्टीवर हजारांत असतात, फार तर लाखापर्यंत जातात. जोलोकिया दहा लाखांच्या वर. पुढे तिलाही मागे टाकणाऱ्या निघाल्या. 2023 साली पेपर एक्स नावाची मिरची सव्वीस लाखांच्या पलीकडे गेली. पण माझ्या स्वयंपाकघरासाठी दहा लाख पुष्कळ झाले.

रविवारी सॉस करायला घेतला. हातमोजे बायकांचं काम, असं वाटून उघड्या हातांनी मिरच्या चिरल्या. सहाच्या सहा. आतल्या पांढऱ्या शिरा नखाने ओरबाडल्या. तिखटाची खाण त्या शिरांतच असते, बी बिचारी शेजारी असल्यामुळे बदनाम होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लसूण आणि व्हिनेगर घालून पातेलं उकळायला ठेवलं, झाकण काढलं आणि वाफ थेट छातीत गेली. खोकत खोकत खिडकी उघडायला धावलो आणि जाता जाता त्याच हाताने डोळा चोळला.

पुढची दहा मिनिटं माझ्याकडून सांगण्यासारखी नाहीत. बायको ओढणी नाकाला लावून गॅस बंद करत होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींनी बेल वाजवून विचारलं, "फोडणी जळली का हो?" मी बेसिनपाशी वाकून डोळ्यावर गार पाण्याचे हबके मारत होतो. बायकोने स्पीकरवर मावशीला फोन लावला होता. "डोळ्याला नुसतं पाणी मार. हाताला मात्र गोडंतेल चोळ, मग साबण लाव. नुसत्या पाण्यानं तिखट हलत न्हाई."

तिचं बरोबर होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. दूध-दह्याने जीभ शांत होते तीही तेवढ्यासाठीच; स्निग्धांश आणि केसीन त्याला धरून नेतात. आणि आग होते म्हणतो ती उगीच म्हणत नाही. भाजल्याची वर्दी मेंदूला देणारी जी ग्राहक प्रथिनं आपल्या नसांत असतात, त्यांनाच कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली मिळालेल्या नोबेलमागे हाच शोध होता. म्हणजे माझी बोटं जळत नव्हती, पण मेंदूला जळाल्याची खात्री होती. रात्री दोन वाजता या फरकाने काही दिलासा मिळत नाही.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर बरं होतं. पुढच्या शनिवारी मित्र जेवायला येणार होते. तांबडा रस्सा झकास जमला होता. वरून तो सॉस घातला, चांगला दोन चमचे. पहिल्या घोटाला सगळे खूश, कारण ही मिरची लवंगीसारखी दारातच भांडत नाही, आधी फळासारखा गोड वास देते. मग घसा धरते आणि सोडत नाही. दह्याचं पातेलं रिकामं झालं. एक मित्र गॅलरीत जाऊन उभा राहिला, तो गाडीची किल्ली घेऊनच आत आला. त्या दिवशी जेवायला मटण होतं, हे कुणालाच आठवत नाही. दोन तास मंद आचेवर शिजवलेलं ते मटण होतं.

भांडी घासताना मला मावशीची ती परत टाकलेली अर्धी ओंजळ आठवली.

सहकाऱ्याने हसत हसत आणखी चार मिरच्या आणून दिल्या. या वेळी एकच घेतली. हातमोजे घातले, शिरा काढल्या, गॅलरीचं दार सताड उघडलं. पाव किलो गाजर आणि अननसाच्या दोन फोडी वाफवल्या, लसूण तेलात मंद परतला, त्याच तेलात मिरची क्षणभर फिरवली आणि मीठ-व्हिनेगर घालून सगळं वाटलं. गाजराने अंग दिलं आणि अननसाने मिरचीचा वास उचलून धरला. आता तो गोड वास गिळला जाईपर्यंत टिकत होता. घरी पिठल्यावर एक थेंब, बायकोला अर्धा, मुलीच्या ताटाच्या आसपासही नाही. आधी विचारायचं, मग बाटली उघडायची.

परवाच्या एप्रिलात बाटली घेऊन कोल्हापूरला गेलो. मावशीने काडीच्या टोकाने थेंब घेतला, भाकरीच्या तुकड्याला लावला आणि बराच वेळ बोलली नाही. कपाळावर घाम आला तो पदराने टिपला. "वास चांगला हाय," एवढंच म्हणाली. डंकावर मिरची कांडून आणली, बरण्या भरल्या. काकांच्या बरणीला पांढरा दोरा, बाकीच्यांना लाल. बाटलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

या वर्षी फोनच्या आधी यादी आली, भाच्याच्या मोबाइलवरून, तिच्याच अक्षरातल्या कागदाचा फोटो. ब्याडगी दोन किलो. संकेश्वरी दीड. लवंगी, मूठभर कमी. आणि खाली, कंसात: तुझी ती आसामची, एकच. लाल दोऱ्याच्या बरणीपुरती.