प्रस्तावना आणि इस्लाह

अप्रकाशित कविता नामवंत साहित्यिकाच्या हाती देताना कवी त्याच्याकडून नेमके काय मागत असतो, हा प्रश्न जालना जिल्ह्यात विचारण्याला विशेष अर्थ आहे, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मराठी घरांच्या उंबऱ्यापलीकडे शाळा-कचेरीत उर्दूचा अंमल होता.

उर्दू काव्यव्यवहारात ‘इस्लाह’ नावाची रीत आहे. इस्लाह म्हणजे दुरुस्ती: शागिर्दाने गझल पाठवावी, उस्तादाने ढिला शब्द खोडून नेमका लिहावा, वृत्त कुठे अडखळले ते दाखवावे. गालिबने हरगोपाल तफ्ता यांच्या रचना पत्रांतून अशाच तपासल्या. सहाव्या निजामाचे उस्ताद दाग देहलवी हैदराबादेत असताना तरुण इक्बाल त्यांना टपालाने गझला पाठवीत; थोड्याच काळात दागांनी दुरुस्तीची गरज उरली नसल्याचे कळवले. थांबावे कधी हे कळणे, हीही उस्तादीच.

मराठीत रूढ झाली ती प्रस्तावना. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’मागे (1942) वि. स. खांडेकर उभे राहिले. बहिणाबाईंच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी दाखवलेल्या ओव्या-गाण्यांना 1952 मध्ये अत्र्यांची प्रस्तावना लाभली. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (1972) तेंडुलकरांची. या तिन्ही प्रस्तावनांचे ऋण मोठे आहे, पण प्रस्तावना वाचकाशी बोलते आणि इस्लाह कवीशी, हा भेद त्यामुळे पुसला जात नाही. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना तंत्र शिकवले, तेव्हा ही दुसरी वाट मराठीतही थोडी रुळली. मुक्तछंदाला मात्र असा वाटाड्या क्वचितच भेटला.

वस्तुतः कवितेची पारख करण्याची परिभाषा याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी देऊन ठेवली आहे. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात ते कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार करतात: मनात आले ते बळेच जुळवलेले ते धीट, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्या वळणाने रचलेले ते पाठ, आणि अंतरीच्या भक्तीतून सहज आलेले ते प्रासादिक. नवी वही चाळताना अनुभवी डोळ्याला पहिले दोन दोष लगेच दिसतात. प्रस्तावनेत ते लिहिता येत नाहीत, कारण पाहुण्यांसमोर घरच्यांची उणी काढायची नसतात. म्हणून प्रस्तावनाकार गुळमुळीत होतो आणि कवी आहे तिथेच राहतो.

जालन्यात राय हरिश्चंद्र साहनी ‘दुःखी’ या उर्दू शायराच्या नावाने मराठी कवीला पुरस्कार दिला जातो. दोन भाषांचा हा शेजार नुसत्या नावापुरता राहू नये. वही घेऊन जाणाऱ्या कवीने प्रस्तावनेचा विषय काढण्याआधी, पुढे बसलेल्या ज्येष्ठाच्या हाती पेन्सिल द्यावी.