म्हापशाचा शुक्रवार

गोव्याला जाऊन आले म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "कोणकोणते बीच केले?" मी सांगते, बीच दोन आणि बाजार तीन. मडगाव, पणजी आणि म्हापसा. ऐकणारे हसतात. बाजार बघायला कोणी गोव्याला जातं का? आपल्याकडे काय बाजारांची कमतरता आहे? शिरूरचा आहे, दौंडचा आहे. भीमा ओलांडली की काष्टीचा शनिवारचा बाजार आहे, जिथे लांबलांबचे शेतकरी जनावरं घ्यायला येतात.

हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण मी मणियाराची मुलगी. शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या घोडनदीच्या बाजारात अब्बांचं बांगड्यांचं पाल लागायचं. आमच्या घरात आठवड्याच्या वारांना गावांची नावं होती. आज कुठला वार, असं कोणी विचारत नसे. "आज कुठला बाजार?" असं विचारत. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, एसटीच्या टपावरून उतरवायच्या आणि एकही फुटू द्यायची नाही, हे माझं पहिलं शिक्षण. बी.एड. पुष्कळ नंतरचं.

अब्बा हात बघूनच माप सांगायचे. दोन-चार, दोन-सहा. लग्नसराईत त्यांना घरी बोलावणं यायचं, नवरीला हिरवा चुडा भरायला. बांगड्या भरून झाल्या की नवरी वाकून नमस्कार करायची. अब्बा म्हणायचे, "अखंड सौभाग्यवती हो, पोरी." ह्यात कोणाला काही वावगं वाटल्याचं मला आठवत नाही. नवरीच्या आईला नाही आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनाही नाही. तो त्या कामाचाच भाग होता.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे पुणे-मिरज-लोंढामार्गे रेल्वेने मडगावला उतरलो. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो. यजमानांनी आणि मुलाने जुम्म्याची नमाज जवळच्या मशिदीत अदा करायची, तोवर मी आणि मुलगी बाजारात फिरायचं, असं ठरलं.

मे महिन्यात हा बाजार बघणं म्हणजे गोव्याचं अख्खं स्वयंपाकघर बघणं. तिकडे पावसाळ्याची बेगमी करतात, तिला म्हणतात पुरुमेंत. शब्द मूळचा पोर्तुगीज. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पाऊस कोसळत असतो, म्हणून घरात सगळं भरून ठेवायचं. सुके बांगडे, सुकी कोळंबी, मिठागरांचं जाडं मीठ, कोकमाची सोलं, माडाचा काळपट गूळ, हरमलच्या मिरच्या, विणून बांधलेल्या कांद्याच्या माळा. मयड्याची लांबलचक केळी पाहून माझी मुलगी थक्क झाली. आमच्या भागात मासळी म्हणजे भिगवणचा बाजार आणि उजनीची चिलापी. समुद्राचं एवढं सुकवलेलं धन तिने पहिल्यांदा पाहिलं. नाकाला रुमाल लावून पाहिलं, पण पाहिलं. मी तिला सांगितलं, आपण उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवतो, मसाला कुटून बरणीत भरतो, हे तेच. फक्त गच्चीऐवजी किनारा.

एका रांगेत लालभडक माळा टांगल्या होत्या. मुलीने विचारलं, "हे काय?" मी उत्तर देण्याआधीच विकणारी बाई माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून कोंकणीत म्हणाली, "हें तुमकां नाका बाय, काजू पळयात थंय." डुकराच्या मांसाचे चोरीस होते ते. तिने ना तोंड फिरवलं, ना खजील झाली, ना आम्हाला खजील केलं. तुमचं काय आणि आमचं काय, हे तिला नीट ठाऊक होतं आणि त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. आम्ही पलीकडे काजू घेतले. घासाघीस केली, कारण घासाघीस न करता घेणं म्हणजे विकणाऱ्याशी न बोलता जाणं, असं अब्बा मानायचे.

परतीच्या गाडीत मुलीला मी शब्दांचा खेळ घातला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे खोड जात नाही. तिने पिशवीतली वस्तू काढायची, मी शब्दाचं गाव सांगायचं. काजू पोर्तुगीजांकडून आला, अननस आणि पपई तशीच. पाव, बटाटा, साबण, कोबी हेही तेच. हापूस हे तर आफोन्सो नावाचं मराठी रूप. आपल्या बाजार समितीत रोज होतो तो लिलाव, तोही पोर्तुगीज शब्द. मग उरलेले घेतले. बाजार, तराजू फारसी. किंमत, माल, वजन, नफा, हिशेब, दलाल मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ते काम मोठंच होतं. पण मंडईत आजही माणूस किंमतच विचारतो आणि वजनच करून घेतो. बाजाराने कामाला आलेला शब्द ठेवून घेतला, त्याचा दाखला मागितला नाही.

हे सगळं मी इतक्या हौसेने का सांगते आहे, त्याला कारण आहे. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही. पुढे प्रशासनाने तो रद्द केला. ही तीच मढी, जिथला गाढवांचा बाजार भटक्या-विमुक्तांनी वर्षानुवर्षं जागता ठेवला आणि जिथल्या नाथांना आमच्यातलेही लोक शाह रमजान म्हणून मानत आले. ठराव कागदावरून गेला, हे बरंच झालं. पण कागदावर नसलेलं जे असतं, त्याचं काय?

अब्बांचं पाल आता माझा धाकटा भाऊ चालवतो. त्यानंतरच्या एका जत्रेत, गावाचं नाव सांगत नाही, दोन तरुणांनी त्याला बांगड्यांचा भाव न विचारता नाव विचारलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त नाव विचारलं आणि निघून गेले. तेव्हापासून तो म्हणतो, "आपा, जत्रा बस झाल्या. आठवडे बाजारच बरे." आम्ही त्यावर फोनवर दोनदा भांडलो. तो म्हणतो, तुला पगार आहे, माझा माल काचेचा आहे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक मी जाणते. अत्तार कुंकू-बुक्का विकत आला, बागवान फळं, तांबोळी पान, पिंजारी गाद्या, शिकलगार विळ्या-कात्र्यांना धार. आमची आडनावं म्हणजेच बाजाराची यादी. त्या यादीतून माणूस वजा केला, तर कुंकू दुसरीकडून मिळेलही. पण हात धरून बांगडी भरताना सासरी गेलेल्या पोरीची खुशाली विचारणारा माणूस पुन्हा कुठून आणणार? आणि आमच्या मुलांना तरी मोहल्ल्याबाहेरचा शेजार कुठे भेटणार? नुकसान एका बाजूचं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा सातवीच्या वर्गाला मी गृहपाठ दिला. रविवारी बाजारात जायचं, ऐकलेले वीस शब्द लिहून आणायचे आणि समोर लिहायचं, हा शब्द कोणाकोणाच्या तोंडी ऐकला. मुलांच्या वह्या भाजीच्या पाण्याने ओल्या होऊन आल्या. केळ्यांची गाडी असलेल्या घरातल्या एका मुलाने पहिलाच शब्द लिहिला होता, "भवानी". समोर लिहिलं होतं: "अब्बा, शेजारची भाजीवाली मावशी, चहावाला."

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे भवानी म्हणतात. अब्बाही ती पहिली नोट कपाळाला लावून म्हणायचे, "भवानी झाली," आणि मग बिस्मिल्ला म्हणून गल्ल्यात टाकायचे. मी त्या वहीवर बरोबरची खूण केली आणि पानाचा फोटो भावाला पाठवला. त्याचं उत्तर रात्री आलं. पुढच्या महिन्यात एका यात्रेची जागा सुटते आहे, अर्ज करू का, असं विचारत होता. मी लिहिलं, कर. मीही दोन दिवस पालावर बसायला येते.