गाडी किती उंच करावी?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने गाडीची परीक्षा तिच्या पोटाखाली होते. जांबोटी-कणकुंबीकडचा मुख्य रस्ता सोडून शेताकडे वळलं, की लाल चिखल, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि वाटेत आडवा येणारा ओढा. म्हणून इकडे फोर-व्हील-ड्राईव्ह पिकअप घेणाऱ्या तरुणांना पहिला ध्यास लागतो तो गाडी उंच करण्याचा. नाक वर केलेल्या अशा गाड्या हल्ली बेळगावच्या रस्त्यांवरही दिसतात. दिसायला ऐटबाज असतात, यात शंका नाही.

आमच्या घरात हा विषय गेल्या वर्षी आला. भाच्याने जुनी इसुझू व्ही-क्रॉस घेतली. २०१६ साली भारतात आलेली ही गाडी. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वेटोळ्याच्या स्प्रिंगा, मागे ट्रकसारखे पाटे. आधीच्या मालकाने पुढे जड लोखंडी बंपर बसवलेला. भाच्याचं म्हणणं, "आत्या, पुढून चार इंच उचलतो, मग गाडी कुठंही जाईल." दादाला ते पटेना. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि दर महिन्याला तपासणीसाठी त्यांना याच गाडीतून बेळगावला यावं लागतं. दादाचा मला फोन आला, "तू कॉलेजात शिकवतेस, तूच समजाव त्याला." मी शिकवते अर्थशास्त्र. पण खर्च करण्याआधी 'गरज नेमकी किती?' हा प्रश्न विचारायला तेवढं शास्त्र पुरतं.

एका रविवारी आम्ही दोघं ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, गाडी उचलायला काय, अर्ध्या दिवसाचं काम. उचललेली गाडी वळणावर नीट राहिली पाहिजे, ते खरं काम बघा." मग त्यांनी जे दाखवलं, ते ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्या सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पुढून उंची वाढवण्याचे साधारण तीन मार्ग असतात. सगळ्यांत स्वस्त म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या दांड्याच्या डोक्यावर धातूची जाड चकती, म्हणजे स्पेसर बसवणं. हा दांडा खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो. म्हणून २५ मिलिमीटरची चकती घातली तरी चाकापाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. इथेच फसगत होते. शॉकॲब्सॉर्बर जुनाच, पण चाक आता कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली लोंबतं. खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं की बॉल जॉइंटवर आणि चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावर नको तेवढा ताण येतो. सांध्याचं रबर फाटतं, आत चिखल जातो, ग्रीस बाहेर येतं. उलट गाडी जोरात आपटली, तर शॉकॲब्सॉर्बर आतल्या आत ठोकला जातो.

दुसरा मार्ग, जास्त उंचीची स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही नवे. खर्च जास्त, पण हाच त्यातल्या त्यात भरवशाचा. मात्र स्प्रिंग गाडीच्या नाकावरच्या वजनाप्रमाणे निवडायची. बंपर आणि विंच असेल तर कडक, नसेल तर नरम. रिकाम्या नाकाखाली कडक स्प्रिंग घातली तर गाडी उड्या मारते आणि खाचखळग्यात चाक जमिनीला नीट चिकटत नाही. तिसरा मार्ग ब्रॅकेट बदलून सगळा सांगाडाच खाली घेण्याचा. तो मोठा आणि खर्चाचा, शेतावर जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

काही जुन्या पिकअपमध्ये पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. बोल्ट पिळला की गाडी फुकटात वर येते. पण चाकाला खाली जायला उरलेली जागा तेवढीच कमी होते आणि गाडी दणके देऊ लागते. पुढे अखंड एक्सल आणि पाटे असलेल्या गाडीत पाट्याखाली लोखंडी ठोकळा देऊन पुढची बाजू उचलणं तर सरळ धोक्याचं. ब्रेक दाबताना आणि वळताना तो सरकू शकतो.

अशा स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत चाळीस ते पन्नास मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या आत राहावं, असं जाणकार सांगतात. त्यापुढे शाफ्टचे कोन तिरपे होतात, चाकांचे कोन बिघडतात आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं कमी होतं.

मी मिस्त्रींना विचारलं, "चार इंच उचलली तर ओढ्यातला दगड चुकेल का?" ते हसले आणि भाच्याला गाडीच्या मागे वाकायला लावलं. मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा दाखवला. पुढचं नाक कितीही वर गेलं तरी हा गोळा जिथे आहे तिथेच राहतो. मागचे पाटे उंच केले तरी तोच प्रकार. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तेही टायरच्या उंचीत जेवढी वाढ झाली त्याच्या निम्म्यानेच. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गाडी टेकते, तेव्हा बऱ्याचदा टेकतो तो हाच गोळा. भाचा बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होता.

मग मोजमाप झालं. सपाट जमिनीवर गाडी उभी केली. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरली. असं मोजलं की टायरमधल्या हवेचा फरक येत नाही. बंपर न लावलेली अशीच एक गाडी गॅरेजमध्ये आली होती, तिचंही मोजलं. भाच्याची गाडी पुढून डावीकडे २५ आणि उजवीकडे २० मिलिमीटर खाली बसलेली निघाली. स्प्रिंगा थकल्या होत्या आणि बंपरचं ओझं त्यांच्यावर रोज होतं. म्हणजे जी उंची तो विकत घ्यायला निघाला होता, त्यातली इंचभर त्याचीच होती, फक्त हरवलेली.

उंची वाढते तसा गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. हौद्यात भाताची पोती रचलेली, चोर्ला घाटातलं ओलं वळण, समोरून बस. अशा वेळी दोन इंच कमी असणं बरं. शिवाय नुसतं पुढून उचललं की दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात वाटेल तसा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मनाई असलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून मूळ उंचीच्या पुढे जायचं असेल, तर आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी विचारून लेखी उत्तर घ्यावं. अपघातानंतर तोंडी आश्वासनाला किंमत नसते.

शेवटी लोखंडी बंपर उतरला आणि कंपनीचा मूळ बसला. पुढे मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉकॲब्सॉर्बर आले. उरलेल्या पैशांत चिखलात पकड घेणारे टायर घेतले, तेही कंपनीने दिलेल्या मापाचेच. भाच्याचा चेहरा पहिले दोन दिवस उतरलेला होता. पण एक पावसाळा काढून मग ठरवू, असं तो स्वतःच म्हणाला. तो पावसाळा निघाला आणि पुन्हा विषय निघाला नाही.

कुणाला उंची वाढवायचीच असेल, तर काम झाल्यावर चार गोष्टी समोर उभं राहून करून घ्याव्यात. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. मग पुढची बाजू जॅकवर घेऊन चाकं लोंबू द्यावीत आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची नळी ताणली जाते का, शाफ्टचं रबर कुठे घासतं का, ते पाहावं. चाकांचं अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत त्याच दिवशी नीट करावा. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

आणि या सगळ्याच्या आधी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला गाडीत चढून-उतरून पाहायला सांगावं. वहिनी आजही दाराची मूठ धरून, कुणाचा हात न घेता, आपल्या आपण चढतात. गाडी किती उंच असावी, याचं आमच्या घरापुरतं माप तेच आहे.